फॉर्मलिनची बाटली

काका शेरूच्या मागे मांडी घालून बसले होते. दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांच्या शेवटाशी, बोटं पोटाखाली, डोळे मिटलेले. शेरू मान वळवून त्यांचा कान चाटत होता. वाईच्या घराची ओसरी, नुकतं कुठे ऊन आलेलं.

"ही बघ, इथे आहे," काका डोळे न उघडताच म्हणाले. "लिंबाएवढी. ढकलली की सरकते, सोडली की परत येते. शीचा खडा असता तर बोटाखाली दबला असता. ही दबत नाही."

मी हात लावला. गाठ होती.

काकांनी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून पदवी घेतली आणि सातारा जिल्ह्यात सरकारी दवाखान्यांत तेहतीस वर्षं काढली. बहुतेक गाई, म्हशी, बैल, शेळ्या, कुत्री मधूनमधून. मी पुण्यात दिवसभर सोनोग्राफीच करते, तीही जवळजवळ सगळी कुत्र्यामांजरांची. घरात प्राण्यांचे डॉक्टर आम्ही दोघंच, आणि कुत्र्याच्या पोटातल्या गाठीचं करायचं काय, यावर आमचं एकमत कधीच नव्हतं. एरवी तो जेवणाच्या पाटावरचा वाद असे. या वेळी तो काकांच्या स्वतःच्या कुत्र्यावर येऊन ठेपला होता. त्या सकाळचं आमचं बोलणं मी काकांना विचारूनच इथे मांडते आहे. दहा-बारा वर्षांचं कुत्रं वाळायला लागलं की कितीतरी घरांत हाच प्रश्न उभा राहतो, आणि तिथे बोलायला दोन डॉक्टर नसतात.

शेरू जर्मन शेफर्ड, वय दहा. दिवाळीच्या आधी छत्तीस किलो होता, आता अठ्ठावीस. आठवड्यातून दोन-तीनदा ओकत होता. हिरड्या पांढुरक्या झालेल्या.

"आधी मी गोचीड तापच धरला," काका म्हणाले. "आपल्याकडे कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या की शंभरातल्या ऐंशी वेळा गोचीड तरी असतो नाहीतर जंत. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन दिलं, जंताचं औषध दोनदा दिलं. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच."

"रक्ताचा कागद कुठे आहे?"

त्यांनी कपाटातून आणून दिला. हिमोग्लोबिन ७.८. त्याच्या खालची ओळ कुणी वाचलेली दिसत नव्हती. तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान ५४. कुत्र्यात ते साठाच्या वर हवं. प्लेटलेट सव्वापाच लाख.

"काका, गोचीड तापात प्लेटलेट घसरतात. इथे भरपूर आहेत. आणि पेशी लहान झाल्यात, म्हणजे लोह संपलंय. दहा वर्षांच्या कुत्र्याचं लोह असं संपत नाही, ते रोज थोडं थोडं कुठेतरी गळत असतं. जंतांचं औषध तर तुम्ही दिलंत. मग आतड्यातूनच गळतंय. हे बघा, युरिया ४८ आणि क्रिएटिनिन १.०. मूत्रपिंडं बिघडली असती तर दोन्ही वाढले असते. एकटा युरिया वाढलाय, कारण आतड्यात सांडलेलं रक्त अन्नासारखं पचतंय."

काकांनी चष्मा लावून कागद पुन्हा वाचला. मग मला म्हणाले, "आणि तू बोट घातलंस का?"

नव्हतं घातलं. पुण्याहून यंत्र घेऊन आले होते ते थेट यंत्र लावायलाच.

"कुत्र्याच्या आतड्याच्या गाठी बऱ्याच वेळा मागच्या टोकाला, गुदाशयात असतात. मांजरात उलटं, तिथे लहान आतडं. हे तुम्हालाच कॉलेजात शिकवतात ना? मग लाखाचं यंत्र काढायच्या आधी दहा रुपयांचा हातमोजा काढ."

बरोबर होतं त्यांचं. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात, आणि तिथल्या काही निव्वळ मांसाचे कोंब असतात, काढल्या की कुत्रं मोकळं. मी हातमोजा घातला. गुदाशय स्वच्छ होता, पण बोटावर आलं ते डांबरासारखं काळं आणि चिकट. लाल रक्त खालचं असतं; काळं रक्त वरून, लहान आतड्यातून किंवा जठरातून प्रवास करून आलेलं असतं. म्हणजे काकांच्या हाताने आणि माझ्या बोटाने मिळून जागा सांगितली होती, यंत्र अजून पेटीतच होतं.

पोटावरचे केस काढले, जेल लावलं. शेरूला मी रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं, कारण आतड्यात हवा आणि अन्न असलं की ध्वनिलहरी तिथेच अडतात. काकांनी पहाटे त्याला चतकोर भाकरी दुधात कुस्करून दिली होती. "माझ्याकडे बघत बसला होता," एवढंच म्हणाले. मी काही बोलले नाही.

निरोगी आतडं पडद्यावर फार सुंदर दिसतं. त्याच्या भिंतीच्या पाच रेघा असतात, एक उजळ, एक काळी, पुन्हा उजळ, पुन्हा काळी, मग शेवटची उजळ, एखाद्या इरकलीच्या काठासारख्या. आतला श्लेष्मल पदर, त्याखालचा पदर, स्नायू, बाहेरचं आवरण, सगळे आपापल्या जागी. शेरूचं आतडं मी जठरापासून तपासत खाली आले. रेघा, रेघा, रेघा. मग एका ठिकाणी रेघा पुसल्या. पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात नुसता करडा-काळा गोळा, भिंत चौदा मिलिमीटर. चार-पाच हवी होती. शेजारी एक लसीकाग्रंथी फुगलेली.

"पदर गेलेत," मी म्हणाले. "२००३ साली दीडशे कुत्र्यांचा अभ्यास झाला होता, सूज आणि गाठ यांतला फरक सोनोग्राफीवर कळतो का, एवढंच बघायला. पदर पुसले असतील तर साध्या सुजेपेक्षा गाठ असण्याची शक्यता पन्नास पट निघाली. गाठ असलेल्या शंभरातल्या नव्व्याण्णव कुत्र्यांत पदर पुसलेले होते."

"आणि नुसती सूज असलेल्यांत?"

काकांचा हा प्रश्न मला दर वेळी अडवतो. "शंभरातल्या बारांत," मी सांगितलं.

"म्हणजे तुझं यंत्र सांगतं ते माझ्या बोटांनी सांगितलंच होतं. गाठ आहे. तू फक्त ती मोजलीस. आता मला हे सांग, पुढे तू काय करणार? पोट उघडणार, तुकडा काढणार, तुकडा पुण्याला पाठवणार, आठ दिवसांनी कागद येणार. तोवर आतड्याला घातलेले टाके तिसऱ्या ते पाचव्या दिवशी धरले तर धरले. मी टाके सुटलेलं कुत्रं बघितलंय पोरी. चौथ्या दिवशी ताप येतो, पोट फळीसारखं होतं, संध्याकाळपर्यंत संपतं. एवढं सगळं कशासाठी? नाव कळावं म्हणून? नाव कळून शेरूला काय मिळणार?"

हा प्रश्न सोपा नाही, आणि त्याला नुसतं 'विज्ञान' म्हणून उत्तर देणंही बरोबर नाही. गावोगावची माणसं काकांकडे कुत्रं घेऊन यायची ती एक दिवसाची मजुरी बुडवून. तपासणीचं सांगायचं म्हणजे त्यांना वाईहून साताऱ्याला, साताऱ्याहून पुण्याला पाठवायचं. काकांनी तेहतीस वर्षांत एक नियम केला होता: ज्या तपासणीच्या उत्तराने औषध बदलत नाही, ती तपासणी करायची नाही. तो नियम मला आजही मान्य आहे. आमचं भांडण दुसऱ्याच गोष्टीवर आहे. कुत्र्याच्या आतड्याच्या गाठीत उत्तराने औषध बदलतं की नाही?

"बदलतं," मी म्हणाले. "गाठ हे नावच नाही काका. ती फक्त जागा झाली. तिथे लिम्फोमा असेल तर सुरी बहुतेक वेळा उपयोगाची नाही, औषधं लागतात, आणि लहान आतड्यातला असेल तर औषधं देऊनही हाती आठवडे किंवा थोडे महिनेच लागतात. कार्सिनोमा असेल तर तो आतड्याला अंगठीसारखा आवळत जातो. तिथे सुरीच लागते. २०१९ मध्ये अशी गाठ काढलेल्या एकोणतीस कुत्र्यांचा हिशेब आला, त्यातली निम्मी ५४४ दिवसांपेक्षा जास्त जगली. दीड वर्ष! आणि स्नायूची गाठ असेल तर ती हळू पसरते, काढली तर कधीकधी दोन-दोन वर्षं मिळतात. तुमच्या बोटांना ही तिन्ही लिंबाएवढीच लागणार."

"ती एकोणतीस कुत्री कोणती?" काकांनी शांतपणे विचारलं. "ज्यांच्या मालकांनी ऑपरेशन केलं, जी ऑपरेशनला झेपली, ती. जी टेबलापर्यंत पोचलीच नाहीत ती तुझ्या हिशेबात नाहीत. शेरू अठ्ठावीस किलोवर आलाय, हिमोग्लोबिन आठच्या खाली. तो तुझ्या एकोणतिसांतला आहे हे कशावरून?"

मला हे मान्य करावंच लागलं. रक्तातलं अल्ब्युमिनही २.१ होतं, आणि ते कमी असलं की आतड्याचा जोड भरायला वेळ लागतो. उद्या पोट उघडायचं म्हटलं तर आधी रक्त चढवावं लागलं असतं.

थोडा वेळ आम्ही दोघं गप्प बसलो. शेरू थंड फरशीवर पाय पसरून पडला होता. काकूंनी चहा आणून ठेवला.

मग काका म्हणाले, "एक गोष्ट मला कधी कळली नाही. कोरेगावला असताना एका वस्तीवरचं राखणीचं कुत्रं यायचं. पहाटे पहाटे फिट यायची त्याला. साखर तपासली तर पस्तीस. तोंडात गूळ चोळला की उठून बसायचं. फिटचं औषध देऊन काही फरक पडला नाही. मेल्यावर मालकाला विचारून मी पोट उघडलं. मला वाटलं स्वादुपिंडात काही सापडेल, तर ते साफ होतं. आंधळ्या आतड्यावर नारळाएवढा गोळा."

"स्नायूची गाठ असणार," मी म्हणाले. "त्यातल्या काही गाठी इन्सुलिनसारखं द्रव्य सोडतात, त्याने साखर उतरते. मेंदूत काहीच बिघडलेलं नसतं. गाठ काढली की साखर आपोआप वर येते."

काका बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिले. "म्हणजे वाचलं असतं."

"आंधळ्या आतड्यावरची होती. कदाचित."

हे मी त्यांना खाली पाडायला सांगितलं नाही. आणि माझ्याही पदरात एक आहे, तेही मी त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा सांगितलं.

चार वर्षांपूर्वी नऊ वर्षांची एक लॅब्राडोर माझ्याकडे आली होती. पदर पुसलेले, भिंत जाड, शेजारी ग्रंथी फुगलेली, हुबेहूब शेरूसारखं चित्र. मी पडदा मालकांकडे वळवला आणि म्हणाले, "ही कॅन्सरची गाठ दिसते आहे." बायोप्सीचं बोलले होते, पण हलक्या आवाजात, उरकल्यासारखं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिला झोपवायचं ठरवलं. त्यांच्याच इच्छेने नंतर पोट उघडून बघितलं. गाठीच्या मधोमध कबाबाची लाकडी काडी होती, बोटभर. ती आतड्याच्या भिंतीत घुसली होती आणि शरीराने तिच्याभोवती दाट सूज बांधून टाकली होती. कॅन्सरचा कणही नव्हता. अर्ध्या तासाचं ऑपरेशन होतं ते. तेव्हापासून मी सोनोग्राफीच्या अहवालात 'कॅन्सर' हा शब्द लिहीत नाही. 'पदर पुसलेला गोळा, ऊतक तपासणी आवश्यक' असं लिहिते, आणि मालकांना ते वाचून दाखवते.

काकांनी हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला, बोलले काही नाही.

मग ते उठले आणि सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढली. प्रेडनिसोलोन.

"आज रात्रीपासून देणार होतो. भूक लागते, उलटी थांबते, सूज उतरते. चार दिवस तरी मजेत खाईल."

"नाही काका." माझा आवाज चढला असावा, कारण शेरूने मान उचलली. "तुकडा घ्यायच्या आधी एकही गोळी नाही. लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने तो तात्पुरता वितळतो. मग सुईत काही येत नाही, तुकड्यात दिसते ती नुसती सूज, आणि अहवाल येतो 'जुनाट दाह'. तीन आठवड्यांनी तो परत उठतो तेव्हा पुढच्या औषधांना दाद देत नाही. एका पट्टीने निदानही जातं आणि उपचारही."

ही गोष्ट मी वेगळी काढून सांगते आहे, कारण आपल्याकडे सर्रास हेच घडतं. ओकणाऱ्या, वाळणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला कुणीतरी कळवळून स्टेरॉइड देतो. कुत्रं आठवडाभर उड्या मारतं आणि घर सुखावतं. त्या आठवड्याची किंमत पुढे चुकवावी लागते. निदान झाल्यावर, किंवा निदान करायचंच नाही असं सगळ्यांनी डोळे उघडे ठेवून ठरवल्यावर, हीच गोळी फार मोठी माया करते. आधी मात्र नाही.

काकांनी पट्टी परत खिशात ठेवली. "मग दुर्बीण? तोंडातून नळी घालून? पोट तरी फाडायला नको."

"दुर्बीण वरून लहान आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत पोचते, आणि खालून मोठ्या आतड्यातून थोडी पलीकडे. मधलं सगळं आतडं तिच्या आवाक्याबाहेर राहतं, आणि शेरूची गाठ नेमकी मधेच आहे. शिवाय तिच्या चिमट्यात फक्त वरचा पदर येतो, दोन-तीन मिलिमीटर. खाली स्नायूत काही असेल तर ते चिमट्याला लागतच नाही."

"तुझ्याकडे प्रत्येक गोष्टीला नाही आहे."

"एका गोष्टीला हो आहे. सुई."

मी त्यांना सगळा क्रम सांगितला. सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुई, बावीस गेजची, कातडीतून थेट गाठीत न्यायची. दोन-तीनदा मागेपुढे करायची, आत आलेल्या पेशी काचेवर उडवायच्या. गुंगीचं हलकं औषध दिलं तरी पुरतं. लिम्फोमाच्या पेशी सुट्या सुट्या असतात, सुईत भराभर येतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच निदान होतं. मग पोट उघडायचा प्रश्नच उरत नाही, काकांना नको असलेली सुरी आपोआप टळते. स्नायूच्या गाठीच्या पेशी एकमेकींना धरून बसतात, सुईत नीट येत नाहीत. सुईत काही कळलं नाही, किंवा कार्सिनोमा दिसला, आणि छातीच्या फोटोत फुप्फुसं साफ असली, तर एकटी गाठ दोन्ही बाजूंच्या निरोगी आतड्यासकट काढून टाकायची. तीच तपासणी, तोच उपचार. नुसत्या नावासाठी पोट उघडलं असं होत नाही.

"आणि तो काढलेला गोळा?"

"फॉर्मलिनमध्ये. गोळ्याच्या दहापट फॉर्मलिन हवं, नाहीतर आतून सडतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली. स्नायूसारख्या दिसणाऱ्या गाठींना आता वेगळे रंग लावून बघतात. पूर्वी त्या सगळ्यांना स्नायूच्याच म्हणायचे. १९९८ साली जपानी डॉक्टरांना माणसांच्या अशा गाठींत एका जनुकाचा दोष सापडला. मग कुत्र्यांच्या जुन्या काचाही पुन्हा काढून बघितल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच गाठी वेगळ्याच जातीच्या निघाल्या. त्या ओळखायच्या एका रंगाचं नाव डॉग-वन आहे. कुत्र्याशी त्या नावाचा काही संबंध नाही, इंग्रजी अक्षरं तशी जुळली इतकंच. पण कुत्र्यांतही तो चालतो."

"डॉग-वन," काका स्वतःशीच म्हणाले. मग शेरूकडे वळले. त्यांनी त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले, ज्या हाताने गाठ शोधली त्याच हाताने. "मला भीती कशाची वाटते माहीत आहे? उपाय नाही असं कळण्याची नाही. ते मी लोकांना आयुष्यभर सांगत आलो. उपाय आहे असं कळलं आणि त्याला झेपला नाही, तर मग मी काय करू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. मी एवढंच म्हणाले, की सुईनंतर तुम्ही थांबा म्हणालात तर मी थांबेन, पुढचं एक अक्षर बोलणार नाही. आणि थांबायचं ठरलं तर ती पट्टी मीच तुमच्या खिशातून काढून त्याला देईन.

"कर सुई," काका म्हणाले.

शेरूला हलकी गुंगी दिली. काकांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने पोटातली गाठ वर उचलून धरली, माझ्या सुईसमोर, अगदी स्थिर. इतक्या वर्षांत मला असा मदतनीस मिळालेला नाही. गाठ पडद्याच्या मधोमध आली. सुई आत गेली, चमकती रेघ दिसली, तीनदा मागेपुढे, बाहेर. चार काचा भरल्या. त्या फडकवून वाळवायच्या असतात, ओल्या राहिल्या तर पेशी नीट वाचता येत नाहीत. काका एक काच बोटांत कडेने धरून हवेत हलवू लागले.

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या पेटीशेजारच्या फॉर्मलिनच्या बाटलीवर गेली. झाकण थोडं सैल होतं. फॉर्मलिनची वाफ लागली की सुईच्या काचांवर रंग नीट चढत नाही, नमुना वाया जातो. मी सांगायच्या आधीच त्यांनी काच खाली ठेवली, उठून बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि ती आत नेली. परसदाराच्या फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

परत येऊन त्यांनी दुसरी काच हातात घेतली.

"जाताना ती बाटली घेऊन जाऊ नकोस," ते म्हणाले. "राहू दे इथेच."